डिटेक्टरचा शून्य खरा की मेलेला?

प्रश्न: शिरोलीतल्या आमच्या फौंड्रीत (धातू ओतकामाच्या कारखान्यात) एलपीजी लाइनजवळचा गॅस डिटेक्टर दोन वर्षं शून्यावर आहे, एकदाही वाजला नाही. मग कॅलिब्रेशनवर, म्हणजे ठरावीक गॅस देऊन आकडा जुळवून घेण्यावर, खर्च कशाला?

उत्तर: मला भीती वाटते ती याच शून्याची. ज्वलनशील गॅसच्या अनेक डिटेक्टरमध्ये कॅटॅलिटिक मणी असतो; त्याच्यावर गॅस जळतो आणि त्या उष्णतेवरून गॅस मोजला जातो. सिलिकॉनच्या वाफेने तो मरतो, पण त्याची वायरिंग शाबूत राहते. त्यामुळे फॉल्ट (बिघाडाचा इशारा) येत नाही, पॅनलला ४ मिलिअँपिअर, म्हणजे शून्य गॅसचा सिग्नल, मिळत राहतात आणि डिस्प्लेवर शून्य.

एका फौंड्रीत मी असाच डिटेक्टर तपासला. जाळीवर काळ्या वाळूचा थर होता. तो ब्रशने झाडला, गॅस सोडायची टोपी लावली आणि ५० टक्के एलईएलचा गॅस सोडला (एलईएल म्हणजे हवेत गॅस पेट घेऊ शकेल असं किमान प्रमाण). ४ म्हणजे शून्य आणि २० म्हणजे १०० टक्के, तेव्हा १२ मिलिअँपिअर यायला हवे होते, काटा ४च्या जरासा वर जाऊन थांबला. शेजारीच साच्यांवर सिलिकॉनचा स्प्रे मारत होते. त्या काटोकाट शून्याच्या भरवशावर तिथे रोज तीन पाळ्या माणसं काम करत होती.

म्हणून गॅस देऊन बघाच. सुरुवातीला दर तीन महिन्यांनी बघा, नापास झाला तर अंतर कमी करा. लायटरचा गॅस मात्र कधीही सोडू नका. त्याच्या दाट माऱ्याने चांगला मणीही खराब होतो.

प्रश्न: डेअरीच्या कॉम्प्रेसर रूममधला अमोनिया सेन्सर पावसाळ्यापासून ६-७ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ६-७ भाग) दाखवतो. शून्य मारून टाकू का?

उत्तर: त्या खोलीतल्या हवेवर तर मुळीच नको! हवेत खरंच ६ पीपीएम असतील, तर गळतीलाच तुम्ही शून्य म्हणाल. आधी झिरो एअरचा, म्हणजे शुद्ध हवेचा, सिलिंडर लावा. रीडिंग शून्यावर उतरलं तर सेन्सर खरं बोलतोय, व्हॉल्व्हची ग्लँड (दांड्याभोवतीचं सील) तपासा. नाही उतरलं तर आधी शून्य लावा, मग स्पॅन, म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणाचा अमोनिया देऊन वरचा आकडा जुळवा. अमोनिया नळीला चिकटतो, म्हणून टेफ्लॉनची आखूड नळी वापरा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. सिलिंडरची मुदतही वाचा. कामाच्या जागी अमोनियाची आठ तासांची मर्यादा २५ पीपीएम धरतात. मुदत संपलेल्या गॅसवर लावलेला सेन्सर तिथे चुकीचा आकडा सांगेल.

प्रश्न: डिस्टिलरीच्या ईटीपीत (सांडपाणी प्रक्रिया केंद्रात) हायड्रोजन सल्फाइडचा वास लगेच येतो. मग सेन्सर हवाच का?

उत्तर: हवाच. साधारण १०० पीपीएमच्या पुढे नाक बधिर होतं, वास गेला म्हणजे गॅस गेला असं वाटतं. हा गॅस हवेपेक्षा जड, तेव्हा सेन्सर खाली, खड्ड्याच्या काठाशी बसवा, पण पाण्याचा फवारा पोचणार नाही असा.

प्रश्न: कॅलिब्रेशन करताना हूटर (धोक्याचा भोंगा) वाजतो, म्हणून आम्ही पॅनलवर इनहिबिट टाकतो, म्हणजे अलार्म तात्पुरता बंद ठेवतो. चालेल ना?

उत्तर: चालेल, पण कंट्रोल रूमला आधी कळवा. आणि इनहिबिट काढल्याची वेळ रजिस्टरमध्ये लिहून पाळीप्रमुखाची सही घेतल्याशिवाय शिडी उचलू नका.