क्लाउड ईआरपी सुरू करताय? आधी याद्या साफ करा

हिशेब, माल, विक्री एकत्र सांभाळणारं इंटरनेटवरचं सॉफ्टवेअर (क्लाउड ईआरपी) घेतलंत, उत्तम. पण जुना डेटा लगेच त्यात ओतू नका. आधी ग्राहकांची आणि मालाची यादी बसून तपासा. आमच्याकडे एकच ग्राहक ३ नावांनी होता: एकदा ‘अँड कंपनी’, एकदा ‘आणि कं.’, एकदा नुसतं आडनाव. येणी तीन खात्यांत विखुरली आणि वसुलीच्या वेळी आकडा काही जुळेना. काम कंटाळवाणं आहे, मान्य. पण खात्यावर व्यवहार चढले की ते खातं सहसा डिलीट करता येत नाही, म्हणून आत्ताच करा.

सुरुवात महिन्याच्या १ तारखेला ठेवा आणि आदल्या दिवसाच्या ट्रायल बॅलन्सशी (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) नव्या सॉफ्टवेअरमधला ओपनिंग बॅलन्स (सुरुवातीची शिल्लक) पैशापैशाने जुळवा. अ‍ॅडमिनचे अधिकार मोजक्यांनाच. लॉगिन करताना ओटीपी मात्र सगळ्यांनाच सक्तीचा.