'सेक्स, लाइज अँड व्हिडिओटेप'मध्ये नुसती बोलणीच आहेत म्हणतात. मग त्याची ब्लू-रे कशाला घ्यायची?

नुसती बोलणी आहेत, म्हणूनच घ्या.

आधी हे सांगतो, की हा चित्रपट घरी पाहिला तर काही कमी पडेल अशी शंका मनात आणू नका. त्याला पैसाच मुळी होम व्हिडिओनं दिला. आरसीए/कोलंबिया होम व्हिडिओ या कंपनीनं व्हिडिओच्या हक्कांपोटी रक्कम घातली आणि दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्गनं सुमारे १२ लाख डॉलरमध्ये लुइझियानातल्या बॅटन रूज शहरात तो चित्रित केला. १९८९ साली कान महोत्सवात त्याला पाम दोर हे तिथलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, तेव्हा सोडरबर्ग २६ वर्षांचा होता. जेम्स स्पेडरला तिथेच अभिनयाचं पारितोषिक मिळालं.

नाव ऐकून लोकांची भलतीच अपेक्षा होते. अंगप्रदर्शन यात जवळजवळ नाहीच. ॲनचा नवरा जॉन तिच्याच बहिणीशी संबंध ठेवून आहे, आणि त्याचा जुना मित्र ग्रॅहम गावात राहायला येतो. हा ग्रॅहम बायकांना त्यांच्या शरीरसंबंधांबद्दल बोलतं करतो आणि ते टेपवर घेतो. स्वतः मात्र कुणाच्या जवळ जात नाही. जवळीक म्हणजे काय, हे इतक्या नेमकेपणानं मांडलेलं मी फार कमी पाहिलंय. इथे नवरा-बायको एका घरात राहून एकमेकांशी धड बोलत नाहीत, आणि परक्या माणसासमोर, कॅमेऱ्यासमोर मात्र ॲनला बोलता येतं.

(पुढचा परिच्छेद चित्रपट पाहिला नसेल तर सोडून द्या.)

शेवटाकडे जॉन ग्रॅहमनं घेतलेली ॲनची टेप लावतो. आपण आधी टीव्हीवरचं पुसट व्हिडिओचित्र पाहतो, आणि मग चित्र बदलून थेट त्या खोलीत, ॲन आणि ग्रॅहमसोबत असतो. ते जवळ येतात आणि कॅमेरा बंद होतो. पुढचं टेपवर नाहीच, जॉनच्या हाती काही लागत नाही. व्हिडिओ आणि फिल्म यांच्या पोतातला हा फरक म्हणजेच त्या दृश्याचा अर्थ. फाइल लहान व्हावी म्हणून जास्त दाबलेल्या (कॉम्प्रेस केलेल्या) प्रतीत फिल्मचे बारीक कण पुसले जातात आणि दोन्ही चित्रं सारखीच गुळगुळीत दिसू लागतात. मला त्याचं फार वाईट वाटतं.

क्रायटेरियन या डिस्क काढणाऱ्या अमेरिकी कंपनीची २०१८ मधली ब्लू-रे ४के, म्हणजे खूप बारकावे टिपणाऱ्या, पुनर्संस्कारावरून केली आहे, आणि त्यावर सोडरबर्गची स्वतःची देखरेख होती. त्यात त्यानं नील लाब्यूट या दिग्दर्शकाबरोबर १९९८ मध्ये केलेली कॉमेंट्रीही, म्हणजे चित्रपट चालू असताना ऐकायच्या गप्पाही, आहे. दोघेही दिग्दर्शक असल्यानं कॅमेरा कुठे ठेवला, नटांना काय सांगितलं, अशा कामाच्या गप्पा ऐकायला मिळतात. तुम्हाला लिहिण्याची किंवा चित्रपट करण्याची ओढ असेल तर तेवढ्यासाठीही डिस्क घेण्याजोगी आहे.

ब्लू-रे डिस्क जगाच्या ठरावीक भागांसाठी (रीजनसाठी) काढतात आणि अमेरिकेतली ही डिस्क ए रीजनची आहे, तेव्हा तुमचा प्लेअर ती वाचतो ना, हे आधी तपासा. आणि कॉमेंट्री दुसऱ्या खेपेलाच लावा. या चित्रपटात माणसं उत्तर देण्याआधी थांबतात, आणि ते थांबणं पहिल्या वेळी पुरतं ऐकायला हवं.