पुस्तक मिट आणि लिहून बघ

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

व्हिडिओ गेमचं संगीत लावलं की अभ्यासाला दोन तास सहज बसणं होतं, पण शनिवारच्या टेस्टमध्ये जीवशास्त्राचं पान काही केल्या आठवत नाही, असं तू लिहिलंस. बाबा म्हणतात, हेडफोन काढ. मैत्रीण म्हणते, हे संगीत लक्ष लागावं म्हणूनच केलेलं असतं. दोघांचंही अर्धं बरोबर आहे, पण माप दोघांचंही चुकलंय. दोन तास बसण्याला मार्क नाहीत. पुस्तक मिट, कोरा कागद घे, आठवेल ते लिही. कागदावर जेवढं उतरलं तेवढाच अभ्यास झाला. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलीस तरी.

आधी मैत्रिणीचं म्हणणं बघू. गेममध्ये माणूस एकाच जागी तास-तास घालवतो. म्हणून ती चाल कंटाळवाणी होऊन चालत नाही, शब्द बहुतेक वेळा नसतात, आणि ती संपून पुन्हा कुठे सुरू झाली ते कळू नये अशी बांधलेली असते. हे खरंच आहे. पण ते लक्ष पडद्यावर धरून ठेवायचं असतं, तुझ्या पुस्तकावर नाही. शिवाय वेळ येईल तिथे खेळणाऱ्याची धडधड वाढवणं हेही त्याच संगीताचं काम. १९७८च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये चारच सुरांची धून आहे; डाव पुढे जाईल तसा तिचा वेग वाढत जातो. १९८५च्या सुपर मारियो ब्रदर्समध्ये उरलेल्या वेळेचं घड्याळ १००वर आलं की तीच चाल पळायला लागते. असं काही कानात घालून आनुवंशिकता वाचलीस तर डोळेही पळणार आणि ओळी सुटणार. उलट माइनक्राफ्टचं संगीत संथ आहे, सूर विरळ आहेत, आणि खेळताना दोन तुकड्यांच्या मध्ये बराच वेळ काहीच वाजत नाही. तेव्हा गाव, जंगल, भटकंती, मेनू यांचे ट्रॅक घे. बॉसशी म्हणजे मोठ्या शत्रूशी लढाई, रेस, टायमर यांचे नकोत. तू स्वतः खेळलेला गेम तर अजिबात नको. ओळखीची चाल लागली की मन त्या लेव्हलवर जातं आणि पान तिथंच राहतं.

आता मुख्य गोष्ट. वाचताना, घोकताना आपण मनातल्या मनात बोलत असतो. बदलत जाणारा कुठलाही आवाज त्या बोलण्यात पाय घालतो. आवडीचं गाणं चालतं, नावडतं नडतं, असा सगळ्यांचा समज असतो. पेरहॅम आणि विझार्ड या संशोधकांनी २०११मध्ये हेच तपासलं. क्रमाने लक्षात ठेवायच्या कामात आवडतं आणि नावडतं, दोन्ही संगीत शांततेपेक्षा वाईट ठरलं. एकच शब्द न बदलता पुन्हा पुन्हा वाजवला, त्याने मात्र तसं नुकसान झालं नाही. म्हणजे नडतो तो बदल. तुझी आवड इथे मदतीला येत नाही, आणि हे ऐकायला तुला आवडणार नाही, तरी लिहितो.

म्हणून क्रेब्स चक्राच्या पायऱ्या, वर्गीकरण, अभिक्रियांचा क्रम, नवीन धडा पहिल्यांदा वाचणं, हे सगळं शांततेत. सरावाची झालेली गणितं, आकृत्या काढणं, नावं देणं, नोट्स साफ करणं, चुकांची वही भरणं, इथे संगीत खुशाल लाव. तिथे अडचण कंटाळ्याची असते आणि त्यावर ते खरंच कामाला येतं.

पेठेतल्या घरात शांतता आणायची कुठून, हा प्रश्न रास्त आहे. खाली टीव्हीवर मालिका, बाहेर कट्ट्यावर तालमीच्या मॅचची चर्चा. कळणाऱ्या भाषेतलं बोलणं कानावर पडणं सगळ्यात वाईट. त्यापेक्षा संगीत परवडलं. पण आधी पंखा मोठा कर. नाही भागलं तर पावसाचा आवाज, नाहीतर मोबाइलवरचा तंबोरा हळू लाव. गेमचा ट्रॅक त्यानंतर. आणि जमेल तेव्हा पाठांतर अभ्यासिकेत जाऊन कर.

लावायची रीतही नीट ऐक. यूट्यूबवर नको, मध्येच जाहिरात बोलायला लागते, आणि पुढचा व्हिडिओ कुठला येईल याचा भरवसा नाही. दोन-तीन ट्रॅक आधी उतरवून घे, ४५ मिनिटांची यादी कर, फोन फ्लाइट मोडवर टाक आणि हाताला येणार नाही असा ठेव. टेबलाशी बसल्यावर गाणी निवडायची नाहीत. आवाज इतका हळू, की पेन कागदावर घासलेलं ऐकू यावं. यादी संपली की दुसरी लावायची नाही. पुस्तक मिट, दहा मिनिटं लिही.

मरगळ असेल तर बसण्यापूर्वी दहा मिनिटं हवं ते ऐक. १९९३मध्ये मोझार्ट ऐकून काही मिनिटांपुरते एका प्रकारच्या कोड्यात जास्त गुण पडले, तर लोकांनी बुद्धी वाढते म्हणून सीडी विकल्या. पुढे २००१च्या प्रयोगात दिसलं, की तो परिणाम हुशारी वाढल्याचा नव्हे, तर उत्साह आणि मूड वाढल्याचा होता. उत्साह बसण्याआधी घेता येतो, त्यासाठी अभ्यासभर कान भरायला नकोत.

माझ्यावरही विश्वास ठेवू नकोस, मोजून बघ. सारख्या अवघडपणाचे सहा भाग निवड. तीन संगीतासह, तीन शांततेत, आलटून पालटून, रोज एकाच वेळेला, प्रत्येकी २५ मिनिटं. लगेच पुस्तक मिटून लिही. दुसऱ्या दिवशी न वाचता पुन्हा लिही, आणि बरोबर मुद्दे मोज. दुसऱ्या दिवसाचा आकडा खरा. पहिल्या दिवशी सगळंच आल्यासारखं वाटतं, तिथेच फसगत होते.

मी या एका गोष्टीवर हटून बसतो हे मला ठाऊक आहे, आणि बसणारच. हुशार पोरं वहीत तास मांडत राहतात, आणि मार्क आले नाहीत की स्वतःला मठ्ठ म्हणायला लागतात. त्याची फार हळहळ वाटते. तू मठ्ठ नाहीस. तुझं माप चुकलंय.

नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या हॉलमध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न, आणि कानात काही नाही. म्हणून सराव पेपर आतापासूनच दुपारी २ ते ५, हेडफोन दुसऱ्या खोलीत ठेवून. एकदा लावून बघू का, हे विचारायचंच नाही.

पुढच्या रविवारी ये. सहाही भागांचे कागद आण, वर तारीख आणि संगीत की शांतता ते लिहिलेलं असू दे. कागद नसतील तर गाण्यांवर आपण बोलायचं नाही, सरळ गणितं सोडवायला बसू.

तुझा,
काका