बहिणीजवळ राहू, सासूबाईंजवळ, की तिसरीकडेच?

ताई,
मी मूळची साताऱ्याची. नवरा आफ्रिकन-अमेरिकन, बाल्टिमोरला वाढलेला. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. ओहायोतल्या ज्या छोट्या गावात राहतो, तिथं आमच्यासारखं दुसरं कुटुंब नाही. आता दोघांनाही घरून काम करता येतं, म्हणून गाव बदलायचं ठरवलंय. माझी बहीण न्यू जर्सीत एडिसनला आहे, ती म्हणते इकडेच या. सासूबाई बाल्टिमोरला, म्हणून तिथून जवळ असलेलं मेरीलँडमधलं कोलंबिया डोक्यात आहे. शाळांसाठी मैत्रिणी ओहायोतलंच डब्लिन सुचवतात. गेल्या गणपतीत बहिणीकडे एक काकू लेकीच्या केसांकडे बघत म्हणाल्या, "पूर्ण बापावर गेली गं, तुझं काहीच नाही उचललं." लेकीला मराठी कळतं. रात्री तिनं विचारलं, "म्हणजे मी वाईट दिसते का?" नवरा म्हणतो, तुला जिथं बरं वाटेल तिथं जाऊ. आम्हाला आपलं म्हणणारं गाव ओळखायचं कसं?
– दोन घरची

प्रिय दोन घरची,

आधी लेकीचं बघू. नऊ वर्षांच्या मुलीला तो टोमणा नीट कळलाय, तेव्हा "काकूंच्या मनात तसं काही नव्हतं" असं सांगून वेळ मारून नेऊ नकोस. काकू चुकीचं बोलल्या, आपल्या लोकांत गोऱ्या रंगाचं आणि सरळ केसांचं वेड आहे, आणि ते वेड चूक आहे, असं तिला स्वच्छ शब्दांत सांग. पुढच्या वेळी कुणी असं बोललं तर तिच्यासमोरच म्हण, "हो, बापावरच गेलीय, म्हणून तर इतकी देखणी आहे." हे तुझ्या तोंडून आणि मराठीतच यायला हवं.

तुझ्या प्रश्नाची नाडीही इथंच आहे. आपली माणसं जिथं जास्त, तिथं आपल्याला जास्त आपलेपणा मिळणार, असं आपण धरून चालतो. तुझ्यापुरतं ते खरंही असेल. एडिसनमध्ये निम्म्याच्या आसपास वस्ती आशियाई आहे. ओक ट्री रोडवर पोह्यांपासून पैठणीपर्यंत सगळं मिळतं, मराठी शाळा आहे, बहीण आहे. पण तिथल्या प्रत्येक कार्यक्रमाला तुझा नवरा पाहुणाच राहणार असेल, आणि लेकीला दर सणाला आपल्या केसांचा हिशेब द्यावा लागणार असेल, तर त्या घराला आपलं गाव मिळालं असं मी म्हणणार नाही. घरातल्या ज्या माणसाला सगळ्यात जड जाणार, त्याच्या डोळ्यांनी गाव बघावं. तुमच्याकडे ती दोघं आहेत, तुझा नवरा आणि तुझी लेक.

म्हणून "तुला जिथं बरं वाटेल तिथं" हे उत्तर मला पटत नाही. माणूस प्रेमळ आहे, पण तो स्वतःचं काही बोललेला नाही. मुलं झोपल्यावर त्याला निवांत विचार: रात्री नऊला या रस्त्यावरून टोपी घालून एकटा पळायला जाशील का? पोलिसांची गाडी मागे लागली तर काय वाटेल? मुलगा चौदा वर्षांचा झाल्यावर त्याला काय समजवावं लागेल? हे प्रश्न अमेरिकेतल्या ब्लॅक घरांत पिढ्यान्‌पिढ्या बोलले जातात. आपल्या घरांत ते निघत नाहीत, म्हणून तुलाच ते काढावे लागतील.

डब्लिन मी बाजूला ठेवेन. शाळा उत्तम आहेत, होंडामुळे जपानी कुटुंबं तिथं फार आधीपासून आहेत आणि भारतीयही वाढलेत. पण कृष्णवर्णीय कुटुंबं तुलनेनं थोडी. आत्ताच्या गावातला एकटेपणा लेकीला तिथंही पुरेल.

कोलंबियाकडे माझा कल आहे, आणि तो फक्त सासूबाईंमुळे नाही. १२ जून १९६७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं व्हर्जिनियाच्या रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग या जोडप्याच्या बाजूनं निकाल दिला आणि आंतरवंशीय लग्नांवरची बंदी देशभर संपली. मेरीलँडनं तर १९३५ मध्ये आपल्या बंदीत 'मलय' लोकांनाही, म्हणजे मुख्यतः फिलिपिनोंना, ओढलं होतं. तो कायदा त्या राज्यानं निकालाच्या थोडं आधी, १९६७ मध्येच रद्द केला. आणि त्याच जून महिन्यात त्याच राज्यात जेम्स राउस या बिल्डरनं कोलंबिया सुरू केलं. सगळ्या वंशांच्या लोकांनी शेजारी शेजारी राहावं, हा गाव वसवण्यामागचा उघड हेतू होता. महागडी घरं आणि भाड्याचे फ्लॅट एकाच 'व्हिलेज'मध्ये, म्हणजे गावाच्या एकाच भागात, ठेवले. गल्लीतल्या टपालपेट्या एका जागी लावल्या, म्हणजे पत्रं काढताना शेजारी भेटतील. वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांनी एकच इमारत वापरावी म्हणून इंटरफेथ सेंटरं बांधली. आज तिथं साधारण चौथा हिस्सा लोक कृष्णवर्णीय आहेत, आशियाई भरपूर आहेत, शेजारच्या एलिकॉट सिटीत मोठी कोरियन वस्ती आहे. तुमच्या मुलांकडे वेगळी म्हणून कुणी वळून बघणार नाही, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं. मराठी कार्यक्रम वॉशिंग्टनच्या आसपास होत असतात, त्यामुळे गणपती चुकणार नाही.

तिथं सगळं गोड आहे, असं मात्र समजू नकोस. २०१९ मध्ये हॉवर्ड काउंटीनं, कोलंबिया याच काउंटीत येतं, शाळांच्या हद्दी बदलून गरीब आणि सुखवस्तू मुलांना जास्त मिसळायचं ठरवलं, तेव्हा मोठा विरोध झाला. त्यात आशियाई पालकही होते. हे वाचून मला वाईट वाटलं होतं. तरी या प्रश्नावर उघडपणे भांडणारं गाव मला गप्प बसणाऱ्या गावापेक्षा बरं वाटतं.

बहिणीची ओढ फारच असेल तर न्यू जर्सीतच मेपलवूड आणि साउथ ऑरेंज बघा. ही जोडगावं एडिसनपासून गाडीनं अर्ध्या-पाऊण तासावर आहेत. वस्ती मिश्र राहावी म्हणून काम करणारी एक संस्था तिथं १९९६ पासून आहे, आणि न्यूयॉर्कला थेट ट्रेन जाते. मालमत्ता कर मात्र घाम फोडतो, तो आधी विचारा.

एजंटला "इथं आमच्यासारखी माणसं आहेत का?" असं विचारशील तर तो बहुधा विषय बदलेल. तो तुटक वागतोय असं समजू नकोस. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यामुळे वंश बघून वस्ती सुचवायला त्याला मनाई आहे. ही माहिती तुम्हालाच काढावी लागेल. केंद्र सरकारच्या शिक्षण आकडेवारीत प्रत्येक सरकारी शाळेतल्या मुलांची वंशानुसार संख्या असते. त्यात एकाहून अधिक वंशांच्या मुलांचा वेगळा रकाना असतो, तो आधी बघ. मग शाळेला फोन करून विचार, हुशार मुलांसाठीच्या वरच्या पातळीच्या गणिताच्या वर्गात कृष्णवर्णीय मुलं किती? फाटकातून सगळे एकत्र आत जातात आणि वर्गांत वेगळे बसवले जातात, असं चांगल्या म्हणवणाऱ्या शाळांतही घडतं. शिक्षकांचे फोटोही बघून घे.

मग चौघंही जा. शाळा सुटायच्या वेळी बाहेर उभे राहा, कोण कुणाबरोबर बाहेर पडतं ते दिसेल. शनिवारी लायब्ररीत बसा. लेकीचे कुरळे केस नीट हाताळणारं सलून आणि नवऱ्याला बसावंसं वाटेल असं न्हाव्याचं दुकान दहा-पंधरा मिनिटांवर आहे का ते शोधा. ते नसेल तर दर महिन्याला त्यांना आठवण होईल की हे गाव आपल्यासाठी नाही. संध्याकाळी नवऱ्याला एकट्यालाच फेरी मारू दे. परत आल्यावर तो काय बोलतो ते ऐक, आणि काही बोलला नाही तर पुन्हा विचार.

घर लगेच विकत घेऊ नका. वर्षभर भाड्यानं राहा, म्हणजे एक पूर्ण शाळेचं वर्ष लेकीला मिळेल.

राहता राहिली बहीण. तिच्याकडे गणपतीला जरूर जा, पण त्याआधी तिला फोन कर. काकू तिच्या घरात बोलल्या आणि ती गप्प राहिली, हे तिला सांग. पुढच्या वेळी तिच्या घरी तिच्या भाचीला कुणी काही बोललं तर उत्तर तिनंच द्यायचं, हे आत्ताच ठरवून घ्या.

तुझी,
ताई