ट्रंकेतला काळा क्रूस

प्रश्न : पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या पणजोबांच्या ट्रंकेत रुपेरी काठाचा काळा क्रूस सापडला. त्यावर मुकुट, ‘डब्ल्यू’ अक्षर आणि १९१४ हे साल आहे. तो अस्सल आहे का? इतवारीतल्या सराफाकडून उजळून घ्यावा का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : वर्णनावरून हा ‘आयर्न क्रॉस’ दिसतो. प्रशिया या जर्मन राज्याचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्हेल्म याने हे पदक नेपोलियनविरुद्धच्या युद्धात, १८१३ मध्ये सुरू केले. म्हणून दुसऱ्या श्रेणीच्या क्रूसामागे ओकची पाने, त्याची आद्याक्षरे आणि ते साल असते. पाठ कोरी असून पिन असेल, तर तो पहिल्या श्रेणीचा. पदक जर्मनीचे, म्हणजे शत्रुपक्षाचे असल्याने पणजोबांनी ते आठवण म्हणून आणले असावे. गाभा सहसा लोखंडाचा आणि चौकट चांदीची असल्यामुळे मधल्या भागाला लोहचुंबक चिकटते, आणि भिंगातून कडेला दोन चौकटींच्या सांध्याची बारीक रेष दिसते. एकसंध ओतलेली नक्कल येथेच उघडी पडते. दुसऱ्या श्रेणीचे क्रूस लाखोंनी वाटले गेले, तेव्हा मोठ्या किमतीची आशा नको. उजळणे मात्र सर्वस्वी टाळावे, कारण चिंच किंवा पॉलिश लागताच मूळ काळा लेप जातो आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडे लोखंड लगेच गंजते.