वाघ गेला की जिप्सीवाल्याचं काय?

प्रश्न : नमस्कार ताई, मे महिन्यात आम्ही मुलुंडची सहा जणं नागपूरजवळच्या उमरेड-करांडला अभयारण्यात जाऊन आलो, तीन सफारी केल्या आणि वाघ शून्य. गाईड सारखा म्हणत होता, जय वाघ होता तेव्हा यायला हवं होतं. परतताना ट्रेनमध्ये वाद पेटला, आमचे हे म्हणतात शिकारीने टुरिझमला काही होत नाही, लोक इथे नाही तर ताडोबाला जातील. खरंय का?

उत्तर : तुमच्या ह्यांचं अर्धं बरोबर आहे, मुंबईकर ताडोबाला जाईल, पण गाईड कुठे जाणार? त्याचं गाव गेटपाशी, जिप्सीचा हप्ता चालू, आणि होमस्टेवाल्याने खोल्या बांधल्यात त्या काय उचलून नेणार?

जय एप्रिल 2016 पासून दिसेनासा झाला. त्याची शिकार झाली असं कधी सिद्ध झालेलं नाही हां, पण गर्दी त्याच्या नावावर यायची. एकाच वाघावर अख्ख्या गेटचा धंदा उभा करणं मला तरी तेव्हाही पटलं नव्हतं. त्याचा बछडा श्रीनिवास 2017 मध्ये शेताच्या कुंपणात सोडलेल्या करंटने गेला. म्हणजे दर वेळी बंदूकवाली टोळीच लागते असं नाही, पिकात रानडुक्कर घुसू नये म्हणून लावलेली तारही पुरते.

शिकारी टोळ्यांनी काय होतं ते राजस्थानच्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात दिसलं. कागदावर वाघ होते, गाड्याही फिरत होत्या, आणि 2005 च्या सुरुवातीला कळलं की एकही उरलेला नाही. मग 2008 मध्ये रणथंबोरहून हेलिकॉप्टरने वाघ आणावे लागले. मध्य प्रदेशातल्या पन्नाचंही 2009 पर्यंत तेच झालं, वाघ संपले. पर्यटक हिंडतात तिथे चार डोळे जास्त असतात हे खरं, पण ते ठरलेल्या रस्त्यावर आणि सीझनमध्ये, पावसाळ्यात कोअरचे, म्हणजे जंगलाच्या आतल्या राखीव भागाचे, गेट बंद झाले की आत फक्त वनरक्षक, तेही चिखलात पायी.

लांब कशाला, आपल्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कमध्येसुद्धा डुकरासाठी लावलेले तारेचे फासे सापडतात आणि त्यात बिबट्याही अडकू शकतो. फिरताना असं काही दिसलं तर हात लावू नका, 1926 ला फोन करा, वनखात्याची हेल्पलाइन आहे.

आणि तीन सफारीत वाघ दिसला नाही म्हणून लगेच शिकार झाली असं नको समजायला, मे महिन्याच्या उन्हात तोही सावलीत पडून असतो. रानकुत्रे दिसले का, ते मात्र लिहिलंच नाहीत तुम्ही.