‘ब्रिटिश ओपन’ म्हणायचं की ‘द ओपन’?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकातल्या गोल्फवरच्या पानात, अनेक जण ‘ब्रिटिश ओपन’ म्हणतात त्या गोल्फ स्पर्धेचं नाव आम्ही ‘द ओपन’ असं छापलं होतं. त्यावर ठाणे आणि नवी मुंबईहून बरीच पत्रं आली. त्यातले वेगवेगळे प्रश्न निवडून इथे घेतले आहेत.

खारघरच्या गोल्फ कोर्सवर रविवारी सकाळचा खेळ संपला की चहाबरोबर हा वाद ठरलेलाच. निम्मे जण ‘ब्रिटिश ओपन’ म्हणतात. बाकीचे म्हणतात, असं नावच अस्तित्वात नाही. बरोबर कोण? — एक वाचक, खारघर

अधिकृत नाव ‘द ओपन चॅम्पियनशिप’, आणि बोलताना ‘द ओपन’. स्पर्धा भरवणारी आर अँड ए ही संस्था हेच नाव वापरते. स्पर्धेच्या बोधचिन्हात ‘ब्रिटिश’ हा शब्द नाही.

याचं कारण स्पर्धेच्या जन्मात आहे. १७ ऑक्टोबर १८६० रोजी स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रेस्टविकला ८ व्यावसायिक खेळाडू जमले. कोर्स १२ होलचा (चेंडू घालायच्या खळग्यांचा) होता आणि तो एकाच दिवसात तीनदा खेळायचा होता. विली पार्क सर्वांत कमी, १७४ फटक्यांत जिंकला, ओल्ड टॉम मॉरिस दोन फटक्यांनी मागे पडला. त्या वर्षी हौशी खेळाडूंना प्रवेश नव्हता. १८६१ मध्ये मात्र स्पर्धा साऱ्या जगाला खुली असल्याचं जाहीर झालं आणि ‘ओपन’ या नावाला अर्थ आला. अमेरिकेची यूएस ओपन सुरू झाली १८९५ मध्ये. म्हणजे नाव पडलं तेव्हा दुसरी ओपनच नव्हती, मग वेगळेपण दाखवायला देशाचं नाव जोडणार कशाला?

‘ब्रिटिश’ हा शब्द चिकटला तो बाहेरून. अमेरिकेत स्वतःची ओपन असल्यामुळे तिथल्या वाचकाला नुसतं ‘ओपन’ म्हणून भागत नाही. तिथल्या मोठ्या वृत्तसंस्था आजही ‘ब्रिटिश ओपन’ लिहितात, आणि परदेशातल्या गोल्फच्या बातम्या आपल्या वर्तमानपत्रांत बहुतेक वेळा वृत्तसंस्थांकडूनच येतात. म्हणून ‘असं नावच नाही’ हे म्हणणं टोकाचं आहे. नाव आहे, रुळलेलं आहे, फक्त अधिकृत नाही. आमचं मत विचाराल तर ज्यांची स्पर्धा त्यांनी ठेवलेलं नाव घ्यावं. चहाच्या टेबलावर कोणी दुसरं नाव घेतलं तर लगेच चूक काढायची गरज नाही. छापताना, करंडकावर कोरताना किंवा प्रश्नमंजूषेत विचारताना मात्र काटेकोर राहावं.

आणखी एक. ‘द ओपन’च्या बाजूने बोलणारे हमखास रॉयल पोर्टरशचा दाखला देतात. १९५१, २०१९ आणि २०२५ ची स्पर्धा तिथे झाली, आणि ते ठिकाण ग्रेट ब्रिटन बेटावर नसून उत्तर आयर्लंडमध्ये आहे, मग ‘ब्रिटिश’ कसं? हा मुद्दा लंगडा आहे. उत्तर आयर्लंड युनायटेड किंगडममध्येच येतो आणि ‘ब्रिटिश’ हे विशेषण त्या सबंध राज्यासाठी वापरतात. १८६१ चा मुद्दा भक्कम असताना याच्यावर भिस्त ठेवू नये.

सोसायटीच्या गणेशोत्सवातल्या प्रश्नमंजूषेत ‘ब्रिटिश ओपन कोणत्या खेळाशी संबंधित आहे?’ असा प्रश्न होता. उत्तरपत्रिकेत ‘गोल्फ’ होतं. नववीतल्या एका मुलीने ‘स्क्वॉश’ लिहिलं, तिला शून्य मिळालं. — एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

तिला पूर्ण गुण द्या आणि जमलं तर सगळ्यांसमोर द्या. स्क्वॉशमधल्या स्पर्धेचं अधिकृत नाव खरोखरच ‘ब्रिटिश ओपन’ आहे आणि त्या खेळात तिचा मान फार मोठा आहे. पेशावरचे हाशिम खान १९५१ मध्ये ती जिंकले आणि जहांगीर खान यांनी १९८२ ते १९९१ अशी सलग १० वर्षं ती कोणाला जिंकू दिली नाही. स्नूकरमध्येही ब्रिटिश ओपन आहे. तेव्हा नावाच्या काटेकोरपणाने पाहिलं तर त्या मुलीचं उत्तर संयोजकांच्या उत्तरापेक्षा अधिक अचूक आहे.

प्रश्न बेतताना खेळाचं नाव प्रश्नातच घाला, किंवा ज्याला एकच उत्तर आहे अशी खूण विचारा: ‘क्लॅरेट जग हा करंडक गोल्फच्या कोणत्या स्पर्धेत मिळतो?’ यूएस ओपनच्या बाबतीतही हीच काळजी घ्या, कारण ती टेनिसचीही आहे आणि गोल्फचीही.

२०२२ ची स्पर्धा १५० वी होती असं वाचलं. पण १८६० पासून बोटं मोजली तर १६३ होतात. आकडा चुकला का? — एक वाचक, ऐरोली

तुमची मोजणी बरोबर आहे, फक्त न झालेली वर्षं वजा करायची राहिली. पहिल्या महायुद्धामुळे १९१५ ते १९१९ ही ५ वर्षं, दुसऱ्यामुळे १९४० ते १९४५ ही ६, कोविडमुळे २०२० चं एक आणि १८७१ चं एक. एकूण १३. १६३ मधून १३ गेले की १५०. २०२१ आणि त्यापुढच्या कुठल्याही स्पर्धेचा क्रमांक काढायचा तर सालातून १८७२ वजा करा: २०२५ ची १५३ वी, २०२६ ची १५४ वी. २०१९ पर्यंतच्या सालांना हे सूत्र लावू नका, तिथे आकडा चुकतो.

यातलं १८७१ चं वर्ष मुळीच सोडू नये असं आहे, कारण त्याच्यामुळेच आजचा करंडक आला. सुरुवातीला बक्षीस होतं लाल मोरोक्को चामड्याचा, चांदीच्या बकलचा पट्टा. नियम असा, की सलग तीनदा जिंकेल त्याचा तो कायमचा. ओल्ड टॉमचा मुलगा यंग टॉम मॉरिस १८६८, १८६९ आणि १८७० असा तीनदा जिंकला आणि पट्टा घरी घेऊन गेला. पुढच्या वर्षी द्यायला काहीच उरलं नाही, स्पर्धा झालीच नाही. मग प्रेस्टविक, सेंट अँड्र्यूजचा रॉयल अँड एन्शंट आणि एडिनबरोचा ऑनरेबल कंपनी या तीन क्लबांनी प्रत्येकी १० पौंड घालून चांदीचा जग करायचं ठरवलं. १८७२ च्या स्पर्धेपर्यंत तो तयार नव्हता, त्यामुळे पुन्हा जिंकलेल्या यंग टॉमला पदकावर समाधान मानावं लागलं. जग हातात घेणारा पहिला विजेता १८७३ चा टॉम किड. कोरलेलं पहिलं नाव मात्र १८७२ च्या यंग टॉमचंच आहे. जुन्या याद्यांत ‘पहिला विजेता’ कोण यावरून गोंधळ होतो तो यामुळे.

नावाचा घोळ इथेही आहे. ‘क्लॅरेट जग’ हे लाडकं नाव. करंडकाचं मूळ नाव ‘गोल्फ चॅम्पियन ट्रॉफी’. क्लॅरेट ही बोर्दोची लाल वाइन, ती वाढायच्या जगासारखा याचा घाट. मूळ जग १९२७ नंतर सेंट अँड्र्यूजला क्लबहाउसमध्येच ठेवला गेला. विजेत्याला वर्षभरासाठी मिळते ती प्रतिकृती; १९२८ मध्ये ती पहिल्यांदा वॉल्टर हेगनला मिळाली. विजेत्याचं नाव कोरणारा कारागीर कोर्सवरच हजर असतो आणि बक्षीस समारंभाला जग येतो तो नव्या नावासकट. त्यामुळे शेवटच्या होलवर चुरस असली की त्याला हातात अवजार घेऊन थांबावं लागतं.

महिलांच्या स्पर्धेला ‘विमेन्स ब्रिटिश ओपन’ म्हटलेलं चालतं का? — एक वाचक, वाशी

२०१९ पर्यंतच्या स्पर्धांना चालतं, कारण तेव्हा तेच अधिकृत नाव होतं. २०२० पासून ‘एआयजी विमेन्स ओपन’. जुन्या विजेत्यांबद्दल लिहिताना त्या काळचं नाव ठेवा, मागे जाऊन बदलू नका.

जुलैत टीव्हीवर ही स्पर्धा शोधताना दरवेळी धांदल होते. ‘ब्रिटिश ओपन’ टाकलं की सापडत नाही आणि वेळही चुकते. — एक वाचक, नेरुळ

कार्यक्रमपत्रिकेत बहुधा अधिकृत नाव असतं, म्हणून ‘द ओपन’ किंवा ‘ओपन चॅम्पियनशिप’ शोधा आणि सोबत ‘गोल्फ’ जोडा. नुसत्या ‘ओपन’वर टेनिस-बॅडमिंटनच्या स्पर्धाही येतात.

वेळ चुकते ती साडेपाच तास धरल्यामुळे. जुलैत ब्रिटनची घड्याळं उन्हाळी वेळेनुसार एक तास पुढे असतात, म्हणून फरक साडेचार तासांचाच. तिथला पहाटेचा ६.३५ चा टी-ऑफ (पहिला फटका) म्हणजे आपले सकाळचे ११.०५. रविवारी शेवटची जोडी तिथल्या दुपारी दोन-अडीचच्या सुमारास निघते, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा-सात, आणि निकाल लागेपर्यंत रात्रीचे ११ होतात. हवामान बिघडलं तर वेळा अलीकडे-पलीकडे होतात, तेव्हा शनिवारी रात्री पुन्हा एकदा बघून ठेवा. बरोबरी झाली तर विजेता ठरवायला तीन होलचा प्लेऑफ असतो, तिन्ही होलचे फटके एकत्र मोजून. शुक्रवार संध्याकाळही चुकवू नका: १५६ जणांमधून पहिले ७० आणि ७० व्या स्थानावर बरोबरीत असलेले तेवढेच पुढे जातात, यालाच ‘कट’ म्हणतात. कटच्या रेषेवर उभा असलेला खेळाडू अठराव्या होलवरचा चार फुटांचा ‘पट’ (चेंडू होलमध्ये ढकलायचा हलका फटका) कसा खेळतो, ते पाहण्यासारखं असतं. भारताचा शुभंकर शर्मा २०२३ मध्ये हॉयलेकला कट पार करून संयुक्त आठवा आला होता. या स्पर्धेतली भारतीयाची ती सर्वोत्तम कामगिरी. (हॉयलेक हे गाव आणि रॉयल लिव्हरपूल हा तिथला क्लब. ही दोन वेगळी ठिकाणं समजू नयेत.)

आम्ही वीस-बावीस मित्र पावसाळ्यानंतर एक छोटी स्पर्धा घेणार आहोत. करंडकावर ‘ओपन’ कोरलं तर चालेल? खेळणार फक्त आमचाच ग्रुप. — एक वाचक, ठाणे

बाहेरच्याला प्रवेश नसेल तर ‘ओपन’ कोरू नका. क्लबच्या सभासदांपुरती असेल तर ‘क्लब चॅम्पियनशिप’ आणि तुम्ही बोलावलेल्यांचीच असेल तर ‘इन्व्हिटेशनल’. त्यात कमीपणा काही नाही. १९३४ मध्ये सुरू झालेल्या मास्टर्स या अमेरिकेतल्या मोठ्या गोल्फ स्पर्धेचं पहिलं नावसुद्धा ‘ऑगस्टा नॅशनल इन्व्हिटेशन टूर्नामेंट’ होतं; ‘मास्टर्स’ अधिकृतपणे झालं १९३९ मध्ये.

‘ओपन’च हवं असेल तर इतर क्लबच्या खेळाडूंसाठी निदान काही जागा राखा आणि प्रवेशपत्रिकेवर तीन गोष्टी स्पष्ट छापा: हँडिकॅपची (खेळाडूच्या कौशल्यानुसार मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीची) कमाल मर्यादा, हँडिकॅपचा दाखला कोणत्या तारखेपर्यंतचा धरणार, आणि अर्ज जास्त आले तर निवड कशी होणार. भांडणं बहुतेक तिसऱ्या गोष्टीवरून होतात. हँडिकॅप स्पर्धेत हौशी खेळाडूंना रोख बक्षीस ठेवू नका, त्यांच्या हौशी दर्जाला बाधा येते. वस्तू किंवा व्हाउचर द्या, त्यालाही नियमांत किमतीची मर्यादा आहे. आणि करंडक कोरायला टाकण्याआधी मजकूर कागदावर लिहून दोघांकडून तपासून घ्या. साल आणि विजेत्याच्या नावासाठी जागा मोकळी सोडा, म्हणजे पुढच्या वर्षी नवी पट्टी लावावी लागणार नाही.